गेस्ट आणि होस्ट यांच्या अदलाबदलीत एक्सेप्शन मास्किंग कसे सांभाळावे: आर्म ६४-बिट हायपरव्हायझर लिहू पाहणाऱ्यांसाठी

हायपरव्हायझर म्हणजे एका मशीनवर अनेक ऑपरेटिंग सिस्टीम चालवणारा थर; त्याच्याखाली चालणारी सिस्टीम म्हणजे गेस्ट आणि तिला चालवणारी मूळ सिस्टीम म्हणजे होस्ट. गेस्टला प्रोसेसरवर चढवणारा आणि तिथून उतरवणारा कोड आकाराने लहान असतो. असेंब्लीच्या शे-दोनशे ओळी आणि त्याभोवती थोडे सी, एवढ्यावर काम भागते. तरीही हायपरव्हायझरमधले शोधायला सर्वांत अवघड दोष याच भागात सापडतात, कारण इथे काही काळ प्रोसेसर ना पूर्णपणे होस्टचा असतो ना गेस्टचा. काही रजिस्टरे एकाची असतात, काही दुसऱ्याची, आणि नेमक्या त्याच वेळी इंटरप्ट किंवा हार्डवेअरची चूक कळवणारे एक्सेप्शन (चालू काम थांबवून प्रोसेसरला ठरलेल्या हँडलर कोडकडे वळवणारी घटना) येऊ शकते. मास्किंग म्हणजे या काळात कोणते एक्सेप्शन थांबवून ठेवायचे, कोणते येऊ द्यायचे आणि पुन्हा दार कधी उघडायचे, याचा हिशेब. नवोदितांना हा हिशेब दुर्बोध वाटतो, कारण तो मॅन्युअलमध्ये एका जागी लिहिलेला नाही. तो अनेक प्रकरणांतून जुळवावा लागतो. ती जुळवाजुळव इथे क्रमाने मांडली आहे.

वाचताना एकच प्रश्न सतत जवळ ठेवा: या ओळीवर एक्सेप्शन आले, तर ते कोणाचे आहे आणि कोणाच्या व्हेक्टर टेबलात (एक्सेप्शन हाताळणाऱ्या कोडच्या तक्त्यात) जाईल? ज्या ओळीवर या प्रश्नाच्या दोन्ही भागांचे उत्तर एकच येत नाही, तिथे मास्क हवा.

सुरुवात करण्यापूर्वी काय जवळ असावे

पुढील गोष्टी हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नका.

- आर्म आर्किटेक्चर रेफरन्स मॅन्युअल, ए-प्रोफाइल, क्रमांक डीडीआय ०४८७. त्यातला एक्सेप्शन मॉडेलचा भाग आणि एचसीआर-ईएल२ या, हायपरव्हायझरची मांडणी ठरवणाऱ्या, रजिस्टरचे वर्णन पूर्ण वाचलेले असावे. (ईएल म्हणजे अधिकाराची पातळी: ईएल० वर अ‍ॅप, ईएल१ वर कर्नल, ईएल२ वर हायपरव्हायझर.)
- जीआयसी (इंटरप्ट प्रोसेसरपर्यंत पोचवणारा आर्मचा कंट्रोलर) आवृत्ती ३ आणि ४ यांचे स्पेसिफिकेशन, क्रमांक आयएचआय ००६९. प्रायॉरिटी मास्कचा भाग आला की ते लागतेच.
- लिनक्स कर्नलचा सोर्स. केव्हीएमच्या (लिनक्समधल्या हायपरव्हायझरच्या) आर्म६४ विभागातल्या 'हायप' फोल्डरमध्ये 'एंट्री' नावाची असेंब्ली फाइल आणि 'व्हीएचई' व 'एनव्हीएचई' (या दोन मांडण्या पायरी २ मध्ये येतात) या दोन्ही फोल्डरांतली 'स्विच' नावाची सी फाइल उघडून ठेवा.
- क्यूईएमयू हे इम्युलेटर, आर्म६४ साठीचा क्रॉस-कंपायलर आणि अनेक आर्किटेक्चर समजणारा जीडीबी हा डीबगर. क्यूईएमयूच्या 'व्हर्ट' मशीनमध्ये व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो; तो विसरलात तर ईएल२ पातळी मिळतच नाही.
- शेवटच्या चाचण्यांसाठी एक खरे बोर्ड. ते नसले तरी बहुतेक काम होते, पण बॅरियरशी (आधीची कामे पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ न देणाऱ्या इन्स्ट्रक्शनशी) संबंधित दोष इम्युलेटरवर सहसा दिसत नाहीत.

पायरी १: मास्कचे चार बिट ओळखा

आर्म६४ मध्ये प्रोसेसरच्या चालू स्थितीला पी-स्टेट म्हणतात आणि तिच्यात मास्कचे चार बिट असतात: डी, ए, आय आणि एफ. डी बिट डीबग एक्सेप्शनसाठी, ए बिट एस-एररसाठी (हार्डवेअरची उशिरा कळणारी चूक), आय बिट आयआरक्यूसाठी (नेहमीचा इंटरप्ट) आणि एफ बिट एफआयक्यूसाठी (जलद इंटरप्ट). बिट १ असला तर ते एक्सेप्शन मास्क झालेले असते, ० असला तर उघडे. एक्सेप्शन घेताना पी-स्टेटची प्रत एसपीएसआर रजिस्टरमध्ये जाते आणि तिथे हे चार बिट अनुक्रमे ९, ८, ७ आणि ६ या जागी दिसतात. डीएआयएफसेट आणि डीएआयएफक्लियर या, मास्क लावणाऱ्या आणि काढणाऱ्या, इन्स्ट्रक्शनमध्ये मात्र किमती वेगळ्या आहेत: डीसाठी ८, एसाठी ४, आयसाठी २ आणि एफसाठी १. या दोन मोजपट्ट्यांची सरमिसळ झाली की भलताच मास्क लागतो आणि कंपायलर त्याबद्दल एक शब्दही काढत नाही. म्हणून दोन्हींसाठी वेगवेगळ्या नावांचे स्थिरांक पहिल्या दिवसापासून ठेवा.

हार्डवेअर एक काम आपणहून करते. आर्म६४ मध्ये कोणतेही एक्सेप्शन घेतले गेले की चारही बिट १ होतात, जुनी पी-स्टेट एसपीएसआरमध्ये आणि परतीचा पत्ता ईएलआरमध्ये जातो. गेस्टमधून ईएल२ वर आल्यावर पहिल्या ओळीला सगळे मास्क झालेले असते, ते यामुळे.

या पायरीवरचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे चारही बिट लावले की आता काहीच येणार नाही असे समजणे. डेटा अबॉर्ट, न समजलेली इन्स्ट्रक्शन, एसव्हीसी (कर्नलला हाक), एचव्हीसी (हायपरव्हायझरला हाक) ही सिंक्रोनस, म्हणजे चालू इन्स्ट्रक्शनमुळेच येणारी, एक्सेप्शन या बिटांना जुमानत नाहीत. बीआरके ही ब्रेकपॉइंटची इन्स्ट्रक्शनही डीबग प्रकारातली असूनही डी बिटाने थांबत नाही. अदलाबदलीच्या कोडने मॅप न झालेल्या पत्त्याला हात लावला, तर मास्क काहीही असो, अबॉर्ट येणार आणि ईएलआर, एसपीएसआर, ईएसआर (एक्सेप्शनचे कारण सांगणारे रजिस्टर) या तिन्हींतली आधीची माहिती पुसली जाणार. त्यामुळे या मार्गावर लागणारा स्टॅक, संदर्भ साठवण्याची जागा आणि स्वतः कोड हे सर्व ईएल२ च्या पेज टेबलात आधीपासून मॅप असले पाहिजे.

पायरी २: मास्क कोणाला लागू होतो ते ठरवा

सगळा विषय या पायरीवर उभा आहे, म्हणून इथे घाई करू नका. असिंक्रोनस एक्सेप्शन कोणत्या पातळीला जाणार हे आधी ठरते, आणि मास्कचा बिट पाहायचा की नाही हे त्यानंतर. नियम तीन आहेत. लक्ष्य पातळी चालू पातळीपेक्षा खालची असेल, तर एक्सेप्शन घेतलेच जात नाही, ते प्रलंबित राहते. लक्ष्य पातळी चालू पातळीच असेल, तर पी-स्टेटमधला बिट निर्णय देतो. आणि ईएल१ किंवा ईएल० वर चालत असताना लक्ष्य ईएल२ असेल, तर पी-स्टेटमधल्या बिटाला काही अर्थ उरत नाही, एक्सेप्शन येतेच.

लक्ष्य ठरवणारे बिट एचसीआर-ईएल२ मध्ये आहेत: एफएमओ हा बिट ३, आयएमओ हा बिट ४ आणि एएमओ हा बिट ५. गेस्ट चालवताना हायपरव्हायझर हे तिन्ही लावतो. त्याचा परिणाम असा की गेस्टने आपल्या पी-स्टेटमध्ये आय बिट लावला तरी खरा, भौतिक आयआरक्यू ईएल२ वर येतोच. गेस्टच्या त्या बिटाने फक्त आभासी आयआरक्यू थांबतो, म्हणजे जो हायपरव्हायझरने किंवा जीआयसीने गेस्टसाठी उभा केलेला असतो. गेस्टने मास्किंग कितीही केले तरी होस्टची सत्ता जात नाही, ती या व्यवस्थेमुळे.

याच नियमाची दुसरी बाजू लक्षात न घेतल्याने अनेकांचा बराच वेळ वाया जातो. तुम्ही ईएल२ वर आहात, आयएमओ आणि टीजीई (एचसीआर-ईएल२ मधलाच आणखी एक बिट; तो ईएल१ ची एक्सेप्शन ईएल२ कडे वळवतो) दोन्ही ० आहेत आणि तुम्ही आय बिट उघडून इंटरप्टची वाट पाहत आहात. तो येणार नाही. कारण त्या मांडणीत त्याचे लक्ष्य ईएल१ आहे आणि तुम्ही तिच्या वर आहात. डीबगरमध्ये डीएआयएफ शून्य दिसते, जीआयसीत इंटरप्ट प्रलंबित दिसतो, आणि तरी काही घडत नाही. असे दिसले की आधी एचसीआर-ईएल२ वाचा.

होस्टची मांडणी दोन प्रकारची असू शकते. व्हीएचई ही सोय आर्म ८.१ पासून आली. तिच्यात होस्ट कर्नल स्वतः ईएल२ वर चालतो, ई२एच हा बिट ३४ लावलेला असतो आणि होस्ट चालू असताना टीजीई हा बिट २७ ही लावलेला असतो. गेस्टकडे जाताना टीजीई काढावा लागतो. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे एनव्हीएचईमध्ये, होस्ट ईएल१ वर असतो आणि ईएल२ वर फक्त अदलाबदलीचा छोटा कोड असतो; होस्ट एचव्हीसी करून तिथे शिरतो, त्यामुळे चारही मास्क हार्डवेअरच लावून देते. नवशिक्याने आधी हा दुसरा प्रकार लिहावा असे माझे मत आहे. त्यात सीमा स्पष्ट असतात आणि कोणता कोड कोणत्या मास्कखाली चालतो हे डोळ्यांना दिसते.

पायरी ३: शिरण्याआधी दार बंद करा, आणि ते वेळेत करा

व्हीएचई प्रकारात मास्क तुम्हालाच लावायचा आहे. तो दोन टप्प्यांत लागतो.

पहिला टप्पा म्हणजे होस्टचे नेहमीचे इंटरप्ट बंद करणे. हे गेस्टसाठीच्या प्रलंबित विनंत्या तपासण्याच्या आधी झाले पाहिजे. समजा तुम्ही आधी विनंत्या तपासल्या, काही नाही असे पाहिले आणि मग इंटरप्ट बंद केले. या दोहोंच्या मध्ये दुसऱ्या कोअरने नवी विनंती लिहून या कोअरला जागे करणारा इंटरप्ट पाठवला, तर तो होस्टमध्येच हाताळला जाईल आणि संपेल. गेस्ट त्यानंतर सुरू होईल आणि विनंती तशीच पडून राहील. उलट क्रमात, म्हणजे आधी बंद आणि मग तपासणी, तो इंटरप्ट प्रलंबित राहतो आणि ईरेट (ईएल२ वरून गेस्टमध्ये नेणारी इन्स्ट्रक्शन) झाल्याबरोबर गेस्टला बाहेर काढतो. केव्हीएममध्ये याच तपासणीच्या आधी 'आता गेस्टमध्ये आहोत' ही खूण मेमरी बॅरियरसह लिहिली जाते, म्हणजे पाठवणाऱ्या कोअरला इंटरप्ट पाठवण्याची गरज आहे की नाही हे बरोबर समजते.

दुसरा टप्पा म्हणजे चारही बिट लावणे. इंटरप्ट आधीच बंद असताना याची गरज का, असा प्रश्न इथे हमखास पडतो. कारण पुढच्या काही ओळींत तुम्ही व्हीबीएआर-ईएल२ मध्ये गेस्टसाठीच्या व्हेक्टर टेबलाचा पत्ता लिहिणार आहात, टीजीई काढणार आहात, ट्रॅप (गेस्टच्या ठरावीक कृती ईएल२ कडे वळवण्याची सोय) लावणार आहात, आणि शेवटी ईएलआर-ईएल२ व एसपीएसआर-ईएल२ मध्ये गेस्टच्या किमती भरणार आहात. व्हेक्टर बदलल्यानंतर पण ईरेटच्या आधी होस्टचे डीबग एक्सेप्शन किंवा एस-एरर आली, तर ती तुमच्या नव्या टेबलातल्या 'चालू पातळी' या गटात जाईल. तिथे होस्टचा हँडलर नाही. लिनक्समध्ये याचा शेवट 'हायप पॅनिक' या संदेशाने होतो. आणि ईएलआर भरल्यानंतर काहीही आले, तर गेस्टचा पत्ता पुसला जाऊन गेस्ट भलत्याच जागी सुरू होईल.

बिटांचा क्रमही पाळावा. लिनक्स कर्नलचा नियम असा आहे की डीबग मास्क असेल तर बाकी सगळे मास्क असावे, एस-एरर मास्क असेल तर आयआरक्यू आणि एफआयक्यूही मास्क असावेत, आणि हे शेवटचे दोन नेहमी बरोबरीने बदलावेत. हाच नियम तुमच्या कोडमध्ये उचला. त्यामुळे संभाव्य स्थिती सोळावरून मोजक्या चारपर्यंत येतात.

डीएआयएफसेट आणि डीएआयएफक्लियर यांच्यानंतर मास्क लागू होण्यासाठी वेगळा बॅरियर लागत नाही. हे बदल प्रोग्रामच्या क्रमानेच होतात. इतर सिस्टीम रजिस्टरांना ही सवलत नाही. एचसीआर-ईएल२ किंवा व्हीबीएआर-ईएल२ लिहून त्याचा परिणाम लगेच हवा असेल, तर आयएसबी हा बॅरियर लागतो.

पायरी ४: प्रायॉरिटी मास्क विसरू नका

लिनक्समध्ये २०१९ साली आलेल्या ५.१ आवृत्तीपासून आर्म६४ वर छद्म (सूडो) एनएमआयची सोय आहे; एनएमआय म्हणजे न अडवता येणारा इंटरप्ट. ती चालू असेल, तर कर्नल 'इंटरप्ट बंद' करताना पी-स्टेटचा आय बिट लावत नाही. तो जीआयसीच्या प्रायॉरिटी मास्कमध्ये, म्हणजे पीएमआरमध्ये, अशी किंमत लिहितो की सामान्य इंटरप्ट अडतात आणि उच्च प्रायॉरिटीचे तेवढे पार होतात. जीआयसीत लहान आकडा म्हणजे मोठी प्रायॉरिटी, हेही ध्यानात ठेवा.

आता विचार करा की पीएमआरने सामान्य इंटरप्ट अडवलेले असताना तुम्ही तसेच गेस्टमध्ये शिरलात. आयएमओ लावलेला आहे, म्हणजे भौतिक आयआरक्यू ईएल२ वर यायला हवा. पण जीआयसीची सीपीयू बाजू तो इंटरप्ट प्रोसेसरला कळवतच नाही. आयएमओ फक्त कळवलेल्या इंटरप्टची दिशा ठरवतो. परिणामी होस्टचा टायमर, दुसऱ्या कोअरचा संदेश, सगळे थांबून राहते आणि गेस्ट स्वतः काही ट्रॅप करेपर्यंत कोअर त्याच्या ताब्यात जातो. गेस्ट रिकाम्या लूपमध्ये फिरत असेल, तर कायमचा.

यावर उपाय ठरलेला आहे. आधी पी-स्टेटचे चारही बिट लावा, मग पीएमआर पूर्ण उघडा, मग डीएसबी हा बॅरियर द्या, म्हणजे रीडिस्ट्रिब्युटरपर्यंत (कोअरला इंटरप्ट पुढे पाठवणारा जीआयसीचा भाग) नवी किंमत पोचून तो इंटरप्ट पुढे पाठवू लागेल. क्रम उलटा केलात तर पीएमआर उघडला आणि आय बिट अजून लागला नाही अशा फटीत इंटरप्ट शिरतो. होस्टकडे परतताना याच पायऱ्या उलट दिशेने घ्या: पीएमआर आधी मिटवा आणि मगच आय बिट उघडा.

आर्म ८.८ मध्ये खऱ्या एनएमआयची सोय आणि तिच्यासाठी पी-स्टेटमध्ये 'ऑल-इंट' हा वेगळा बिट आला आहे. तुमच्या प्रोसेसरवर तो असेल, तर वरच्या हिशेबात आणखी एक स्तंभ वाढतो.

पायरी ५: ईरेटच्या उंबरठ्यावर

इथे गेस्टची पी-स्टेट एसपीएसआर-ईएल२ मधून येते, म्हणून गेस्टचे मास्क तुम्ही थेट पी-स्टेटमध्ये कधीच लिहायचे नसतात. नवा गेस्ट पहिल्यांदा सुरू करताना एसपीएसआरमध्ये हेक्स ३सी५ ही किंमत भरतात: चारही मास्क लागलेले आणि ईएल१ स्वतःच्या स्टॅक पॉइंटरसह. नंतरच्या प्रत्येक वेळी, बाहेर पडताना साठवलेली किंमत परत भरायची.

ईरेटच्या आधी एक तपासणी जरूर करा. आयएसआर-ईएल१ हे रजिस्टर ईएल२ वरून वाचले की कोणते भौतिक असिंक्रोनस एक्सेप्शन प्रलंबित आहे ते कळते: बिट ८ एस-एरर, बिट ७ आयआरक्यू, बिट ६ एफआयक्यू. इथे काही दिसले तर गेस्टमध्ये शिरूच नका. जणू इंटरप्टमुळेच बाहेर आलो असे मानून होस्टकडे परता. आयआरक्यूच्या बाबतीत यात फक्त एक फेरी वाचते. एस-एररच्या बाबतीत मात्र हा न्यायाचा प्रश्न आहे. होस्टच्या लिखाणामुळे उद्भवलेली एस-एरर मास्कमुळे थांबून राहिली आणि तुम्ही ईरेट केलेत, तर ती गेस्टच्या पहिल्या इन्स्ट्रक्शनवर बाहेर येईल, 'खालच्या पातळीवरून आलेली' अशा व्हेक्टरमध्ये जाईल, आणि दोष नसलेला गेस्ट शिक्षा भोगेल. रास एक्स्टेन्शन (हार्डवेअरच्या चुका नोंदवण्याची सोय) असलेल्या प्रोसेसरवर या वाचनाआधी डीएसबी आणि आयएसबी द्यावेत, म्हणजे अडकलेली लिखाणे पूर्ण होऊन त्यांची चूक, असली तर, इथेच समोर येते.

पायरी ६: बाहेर पडताना आधी गेस्टची एस-एरर वेगळी काढा

व्हेक्टर टेबल २ केबीच्या सीमेवर असते आणि त्यात १२८ बाइटच्या सोळा जागा असतात. आर्म६४ गेस्टमधून सिंक्रोनस एक्सेप्शन आले तर हेक्स ४००, आयआरक्यू ४८०, एस-एरर ५८० या ठिकाणी तुम्ही पोचता. ईएल२ वरच काही आले तर २०० पासूनच्या गटात. हे दोन गट वेगळे आहेत हीच आपली मोठी सोय आहे.

गेस्टची सामान्य रजिस्टरे साठवली आणि होस्टची भरली की लगेच पुढचा प्रश्न सोडवा: गेस्टने मागे सोडलेली एस-एरर प्रलंबित आहे का? ती आत्ता शोधली नाही, तर पुढे होस्ट ए बिट उघडेल तेव्हा ती होस्टची म्हणून उगवेल आणि सगळे मशीन बंद पडेल.

रास एक्स्टेन्शन असेल तर काम सरळ आहे. ईएसबी ही इन्स्ट्रक्शन प्रलंबित एस-एररला एक्सेप्शन न होऊ देता डीआयएसआर रजिस्टरमध्ये नोंदवते. ते वाचा, शून्य नसेल तर किंमत गेस्टच्या खात्यात ठेवा, रजिस्टर साफ करा आणि बाहेर पडण्याच्या कारणात 'एस-एररसह' अशी खूण जोडा.

ती नसेल तर काम नाजूक होते. आधी डीएसबी आणि आयएसबी द्या. मग आयएसआर-ईएल१ चा बिट ८ पाहा. तो नसेल तर पुढे चला. असेल तर ईएलआर, ईएसआर आणि एसपीएसआर यांच्या ईएल२ किमती सामान्य रजिस्टरांत काढून ठेवा, डीएआयएफक्लियरने फक्त ए बिट उघडा, एक आयएसबी द्या आणि लगेच डीएआयएफसेटने तो बंद करा. या छोट्या खिडकीच्या सुरुवातीला आणि शेवटी लेबले ठेवा. एस-एररचा 'चालू पातळी' हँडलर ईएलआर पाहतो: पत्ता या दोन लेबलांमध्ये असेल तर एरर गेस्टची, तो खूण लावून परततो, बाहेर असेल तर ती खरोखर हायपरव्हायझरची, म्हणजे पॅनिक. शेवटी काढून ठेवलेली तिन्ही रजिस्टरे परत भरा. ही शेवटची पायरी राहिली तर गेस्ट बाहेर का आला हेच हरवते, आणि असा दोष एस-एरर आल्याशिवाय कधीच दिसत नाही.

पायरी ७: होस्टसाठी दार उघडण्याचा क्रम

आता बंद करतानाचा क्रम उलटा घ्यायचा. ट्रॅप काढा, एचसीआर-ईएल२ होस्टच्या किमतीवर आणा, व्हीबीएआर होस्टचा करा, आयएसबी द्या. त्यानंतरच डी आणि ए उघडा. आय आणि एफ अजून बंदच राहू द्या, कारण गेस्टचा टायमर आणि आभासी जीआयसीची स्थिती इंटरप्ट बंद असतानाच साठवायची असते.

गेस्ट बाहेर आला त्याचे कारण भौतिक इंटरप्ट असेल, तर तो इंटरप्ट अजून प्रलंबितच आहे. ईएल२ वरच्या हँडलरने त्याला हात लावलेला नाही. तो होस्टच्या नेहमीच्या मार्गाने घेतला जावा यासाठी आय बिट उघडावा लागतो. केव्हीएम इथे इंटरप्ट क्षणभर उघडते, आयएसबी देते आणि पुन्हा बंद करते, आणि त्यानंतरच 'गेस्टचा वेळ संपला' अशी नोंद करते. मधला आयएसबी शोभेचा नाही. मास्क उघडल्याने प्रलंबित इंटरप्ट त्याच क्षणी घेतला जाईल अशी हमी आर्किटेक्चर देत नाही. ती हमी संदर्भ जुळवणाऱ्या घटनेने, म्हणजे इथे आयएसबीने, मिळते. उघड-बंद पाठोपाठ केले, तर इंटरप्ट घेतला न जाताच दार मिटू शकते, आणि मग टायमरचे ठोके गेस्टऐवजी होस्टच्या खात्यात पडू लागतात.

पायरी ८: गेस्टला एक्सेप्शन देताना त्याचे मास्कही सांभाळा

हायपरव्हायझर कधी कधी गेस्टच्या वतीने एक्सेप्शन घडवतो. तेव्हा हार्डवेअर जे करते ते सगळे हाताने करावे लागते: गेस्टची पी-स्टेट एसपीएसआर-ईएल१ मध्ये, पत्ता ईएलआर-ईएल१ मध्ये, कारण ईएसआर-ईएल१ मध्ये, नवा पत्ता व्हीबीएआर-ईएल१ अधिक योग्य अंतर, आणि नव्या पी-स्टेटमध्ये चारही मास्क. मास्क लावायला विसरलात तर गेस्टच्या हँडलरच्या पहिल्याच ओळीवर, त्याने आपली रजिस्टरे वाचवण्याआधी, आभासी इंटरप्ट येऊन बसतो.

आभासी एस-एरर देण्यासाठी एचसीआर-ईएल२ मधला व्हीएसई हा बिट ८ लावतात. गेस्टचा ए बिट उघडा असेल तेव्हा ती पोचते आणि पोचताच हार्डवेअर हा बिट स्वतः साफ करते. म्हणून गेस्टमधून बाहेर येताना एचसीआर-ईएल२ पुन्हा वाचून साठवलेल्या प्रतीत हा बिट अद्ययावत करा. जुनीच प्रत पुन्हा भरलीत तर एकच एरर गेस्टला वारंवार मिळत राहील.

पायरी ९: एक्स८६ वरून येणाऱ्यांसाठी थोडक्यात

मांडणी वेगळी, प्रश्न तोच. इंटेलच्या व्हीएमएक्समध्ये बाहेरच्या इंटरप्टवर एक्झिट, म्हणजे गेस्टमधून बाहेर पडणे, व्हावी की नाही हे व्हीएमसीएस या गेस्टच्या नियंत्रण-नोंदीतला एक बिट ठरवतो, गेस्टच्या कोणत्या एक्सेप्शनवर एक्झिट घ्यायची हे ३२ बिटांचा एक्सेप्शन बिटमॅप ठरवतो, आणि एक्झिटनंतर इंटरप्ट फ्लॅग शून्य असतो. एनएमआयमुळे एक्झिट झाली असेल तर पुढचे एनएमआय आयरेट (हँडलरमधून परतणारी इन्स्ट्रक्शन) होईपर्यंत अडलेले असतात, त्यामुळे हँडलर बोलावण्याआधी त्या मार्गावर दुसरे कोणतेही एक्सेप्शन घडू देऊ नका; त्याच्या आयरेटने एनएमआय अकाली उघडतील.

एएमडीच्या एसव्हीएममध्ये ग्लोबल इंटरप्ट फ्लॅग आहे. तो सीएलजीआयने शून्य केला की एनएमआयसुद्धा थांबतात, गेस्ट सुरू करणाऱ्या व्हीएमरनने तो १ होतो आणि एक्झिटवर पुन्हा शून्य. आभासी इंटरप्ट मास्किंग चालू असताना भौतिक इंटरप्टसाठी होस्टचा इंटरप्ट फ्लॅग पाहिला जातो, म्हणून सीएलजीआयच्या आड राहून व्हीएमरनच्या आधी एसटीआय (इंटरप्ट फ्लॅग लावणे) आणि नंतर सीएलआय (तो काढणे) करतात. तो एसटीआय काढून टाकला तर पायरी ४ मधलाच गोठलेला होस्ट मिळतो.

पायरी १०: चाचण्या

क्यूईएमयूला इंटरप्टची नोंद ठेवायला सांगा. प्रत्येक एक्सेप्शन कोणत्या पातळीवरून कुठे गेले हे त्या नोंदीत दिसते. मग पुढचे छोटे गेस्ट लिहा.

पहिला गेस्ट चारही मास्क लावून एका इन्स्ट्रक्शनच्या लूपमध्ये कायम फिरत राहील. होस्टचा टायमर तरीही चालू राहिला पाहिजे. हीच चाचणी छद्म एनएमआय चालू करून पुन्हा करा; पायरी ४ चुकली असेल तर ती इथेच उघडी पडते.

दुसरा गेस्ट ए बिट बंद ठेवून सुरू होईल, होस्ट त्याला आभासी एस-एरर देईल, गेस्ट मुद्दाम काही वेळा एचव्हीसी करून बाहेर येईल आणि मग ए बिट उघडेल. एरर त्या क्षणी एकदाच पोचली पाहिजे.

तिसऱ्या चाचणीत दुसऱ्या कोअरवरून सतत विनंत्या पाठवत राहा आणि प्रत्येक विनंती गेस्टच्या पुढच्या प्रवेशाआधी हाताळली गेली का ते मोजा. विनंती तपासणे आणि इंटरप्ट बंद करणे यांच्या मध्ये मुद्दाम विलंब घातला, तर क्रमातली चूक काही सेकंदांत दिसते; विलंब नसताना तीच चूक दिवसेंदिवस लपून राहू शकते.

चौथ्या चाचणीत गेस्ट वेगवेगळे मास्क लावून एचव्हीसी करेल आणि परतल्यावर स्वतःचे डीएआयएफ वाचून आधीच्या किमतीशी ताडून पाहील. ही सोपी चाचणी प्रत्येक बदलानंतर आपोआप चालेल अशी लावून ठेवा. नंतर केव्हीएम युनिट टेस्टमधल्या आर्मच्या चाचण्या चालवा, आणि मग सगळे पुन्हा खऱ्या बोर्डवर, अनेक कोअर एकाच वेळी गुंतवून.